वाचकांचे प्रश्न : बँक गेली, खांब राहिले

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या डाउनटाउनच्या फोटोंची चार पानं दिली होती. त्यात दुकानं होती, थिएटरं होती, स्टेशनं होती, पण पत्रं आली ती जवळजवळ सगळी बँकांच्या इमारतींबद्दल. सारखेच असलेले प्रश्न एकत्र केलेत आणि काही बरेच कापलेत, रागावू नका.

प्रश्न : मुलगी ओहायोत असते, तिच्याकडे गेलो की आसपासची छोटी छोटी गावं फिरतो. जवळपास प्रत्येक गावात मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक दगडी देवळासारखी इमारत, वर कोरलेलं "फर्स्ट नॅशनल बँक", आणि आत डोकावलं तर कॉफी शॉप नाहीतर फर्निचरचं दुकान. ही एकच बँक होती का, एवढ्या शाखा असलेली? आणि सगळ्यांना देऊळच कसं काय सुचलं?

उत्तर : एक बँक अजिबात नव्हती, त्या सगळ्या एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या बँका. झालं असं की १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, नॅशनल बँकांचा कायदा केला. त्याच्या आधी राज्यं आपापल्या बँकांना परवाने द्यायची आणि प्रत्येक बँक स्वतःच्या नोटा छापायची, म्हणजे बाजारात हजारो प्रकारच्या नोटा, त्यातली खरी कुठली, बनावट कुठली आणि बुडालेल्या बँकेची कुठली हे ओळखायला व्यापारी चक्क छापील पुस्तिका जवळ बाळगायचे. नव्या कायद्यानं परवाना थेट वॉशिंग्टनहून मिळायला लागला, त्याला चार्टर नंबर असायचा, आणि नावांसाठी सोपी पद्धत ठेवली, गावात पहिली ती फर्स्ट नॅशनल, पुढची सेकंड नॅशनल. चार्टर नंबर एक मिळाला फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनलला.

आता शाखांचं. बऱ्याच राज्यांत बँकेला शाखा काढायला एकतर बंदी होती नाहीतर इतक्या अटी की काढूच नये. शहरातली मोठी बँक गावातला पैसा ओढून नेईल ही शेतकऱ्यांची आणि छोट्या सावकारांची भीती, आणि ती मतांमधून कायद्यात उतरलेली. त्यामुळे गाव तिथे बँक, एकच इमारत असलेली. १९२१ च्या सुमारास त्या देशात ३० हजारांच्या आसपास बँका होत्या! आणि नॅशनल बँकांच्या नोटांवर १९३५ पर्यंत त्या त्या गावाचं आणि बँकेचं नाव छापलेलं असायचं, खाली तिथल्याच प्रेसिडेंटची आणि कॅशियरची सही. म्हणजे तुम्ही ज्या कॉफी शॉपमध्ये बसला होतात तिथल्या माणसांच्या सह्यांच्या नोटा एकेकाळी देशभर फिरल्या असण्याची चांगलीच शक्यता आहे.

देवळाचं मूळ मात्र याच्याही मागे जातं. फिलाडेल्फियात चेस्टनट स्ट्रीटवर सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत आहे, विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या आर्किटेक्टनं १८१९ ते १८२४ मध्ये बांधलेली, पांढरा संगमरवर, पुढे आठ आणि मागे आठ जाडजूड डोरिक (म्हणजे साध्या ग्रीक घाटाचे) खांब, वर त्रिकोणी माथा. नमुना अथेन्सच्या पार्थेनन या प्राचीन देवळाचा. ती इतकी गाजली की पुढे शंभर वर्षं बँक म्हटलं की खांब हे समीकरणच झालं. मधल्या काळात फॅशन बदलली, विटांच्या मनोऱ्यांच्या बँका आल्या, पण १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सगळं पांढरंशुभ्र रोमन थाटाचं उभं केलं होतं, ते बघून आलेल्यांनी पुन्हा खांब आणले. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक इमारती या दुसऱ्या लाटेतल्या, साधारण १९०० ते १९३० च्या.

पुढच्या वेळी एक करा, समोरून फोटो काढून झाला की बाजूच्या गल्लीत जा. समोर चुनखडीचा दगड नाहीतर दगडासारखी दिसणारी टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, फरशी, आणि गल्लीच्या बाजूला बहुतेक वेळा साधी वीट, तीही कुठे कुठे उघडीच. खर्च जिथे लोकांना दिसतो तिथेच केलेला आहे. ती इमारत मुळात एक जाहिरातच होती, आमच्याकडे पैसे ठेवा, आम्ही कुठे पळून जाणार नाही, हे दगडात सांगणारी. तेव्हा ठेवीला कुठल्याही सरकारची हमी नव्हती, बँक बुडाली की ठेवीदार बुडाला, मग बँकरकडे विश्वास ठेवावा असं दाखवायला होतं काय? घड्याळाची साखळी आणि खांब.

प्रश्न : मग ज्या बँकेची इमारत जास्त भक्कम ती बँक जास्त सुरक्षित, असं काही होतं का?

उत्तर : छे! वर सांगितलेली सेकंड बँकच घ्या. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन तिच्यावर खार खाऊन होते, १८३२ मध्ये त्यांनी तिची मुदत वाढवायच्या विधेयकावर व्हेटो मारला, १८३६ मध्ये चार्टर संपला, मग पेनसिल्व्हेनिया राज्याच्या परवान्यावर तिनं काही वर्षं ढकलली आणि १८४१ मध्ये बुडाली. इमारतीला मात्र काही झालं नाही, तिथे पुढे नव्वद एक वर्षं कस्टम हाउस होतं आणि आता जुन्या पुढाऱ्यांच्या पोर्ट्रेट्सची गॅलरी आहे.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट कंपनीचं, बँकेसारख्याच ठेवी घेणारी ही कंपनी. फिफ्थ अव्हेन्यू आणि ३४ व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, मॅककिम, मीड अँड व्हाइट या त्या काळच्या सगळ्यात नामांकित आर्किटेक्ट कंपनीकडून बांधून घेतलेली, भलेमोठे कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, १९०४ ची, म्हणजे कोरी करकरीत. ऑक्टोबर १९०७ मध्ये तांब्याच्या शेअर्सचा एक सट्टा फसला, त्या सट्टेबाजांशी कंपनीच्या प्रेसिडेंटचे संबंध आहेत हे बाहेर आलं, आणि २२ तारखेला सकाळी दार उघडायच्या आधीच लोकांच्या रांगा. तीन तासांच्या आत साधारण ८० लाख डॉलर वाटून झाले आणि दुपारी दार बंद. त्याच खांबांच्या खाली माणसं पासबुकं धरून उभी होती. पुढे काही आठवड्यांत त्या प्रेसिडेंटनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती घबराट देशभर पसरली, आणि त्यातूनच पुढे १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा आला.

त्यानंतरही प्रश्न सुटला नाहीच. १९३० ते १९३३ या काळात ९ हजारांच्या आसपास बँका बंद पडल्या. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांत, ६ मार्च १९३३ ला, त्यांनी देशातल्या सगळ्या बँकांना सुट्टी जाहीर केली, आठवडाभर कुलूप, तपासणी होऊन १३ तारखेपासून एकेक बँक उघडायला लागली. त्याच वर्षी ठेवींचा विमा काढणाऱ्या सरकारी महामंडळाचा, म्हणजे एफडीआयसीचा कायदा झाला, १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित. आज ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे.

माझ्या मते त्या बँकांच्या इमारतींच्या इतिहासातला खरा टप्पा हाच, कुठल्याही आर्किटेक्टपेक्षा मोठा. कारण त्यानंतर खिडकीवर एक वीतभर पाटी लावली की काम भागायला लागलं, "ठेवी विमा संरक्षित". साठ फुटी खांब जे सांगत होते आणि खोटं ठरत होते ते ही पाटी सांगते, आणि खरं ठरते. मग खांबावर कोण कशाला खर्च करेल?

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात एका हॉटेलात जेवलो, तिथे जुनी बँक होती आणि तिजोरीच्या खोलीतच टेबलं मांडलेली. तो गोल दरवाजा बघून मुलगा एकदम खूश. पण एवढा जाड दरवाजा कशासाठी, बंदूक दाखवली की कॅशियर उघडून देणारच ना? आणि आत कुणी अडकलं तर?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच दीडशे वर्षांचा चोर-पोलीस आहे. याचं उत्तर जरा लांब जाईल.

अमेरिकेतला पहिला मोठा बँक दरोडा फिलाडेल्फियात झाला, १७९८ मध्ये. बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया तेव्हा कारपेंटर्स हॉल नावाच्या इमारतीत होती (ती इमारत अजून आहे, बघता येते). शहरात पिवळ्या तापाची साथ, लोक घरं सोडून गेलेले, आणि एका रात्रीत १,६२,८२१ डॉलर गायब. दार फोडलेलं नाही. मग संशय कुणावर, तर पॅट्रिक लायन या लोहारावर, कारण तिजोरीच्या दाराचं काम त्याच्याकडे होतं. तो बिचारा साथीला घाबरून आधीच डेलावेअरला गेला होता, सोबतचा शिकाऊ पोरगा तिथे तापानं गेला, आणि आपल्यावर आळ आलाय हे कळल्यावर हा स्वतःहून परत आला, माझं म्हणणं ऐका म्हणून. ऐकलं नाही, तुरुंगात टाकलं. खरा चोर होता आयझॅक डेव्हिस नावाचा सुतार, बँकेचाच एक रखवालदार त्याला सामील होता. आणि हा डेव्हिस पकडला कसा गेला तर चोरलेले पैसे त्यानं त्याच बँकेत जमा करायला सुरुवात केली! पैसे परत केले म्हणून त्याला माफी मिळाली, एक दिवस तुरुंग नाही. लायन मात्र तीन महिने आत होता. पुढे त्यानं बँकेवर दावा लावून भरपाई घेतली, आणि पैसेवाला झाल्यावर स्वतःचं मोठं चित्र काढून घेतलं, अंगात लोहाराचा चामडी एप्रन, भट्टीसमोर उभा, आणि मागे खिडकीतून दिसतोय त्या तुरुंगाचा घुमट. मला हा माणूस फार आवडतो.

असो. पुढे नंबर फिरवून उघडायची कुलपं आली, किल्ली नाही म्हणजे चोरण्यासारखं काही नाही. तर चोरांनी किल्लीऐवजी माणूस धरायला सुरुवात केली. रात्री कॅशियरच्या घरात शिरायचं, बायकापोरांना बांधून ठेवायचं, नंबर काढून घ्यायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टनच्या बँकेत १८७६ मध्ये अगदी हेच झालं. यावरचा उपाय रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटनं त्याआधीच, १८७३ मध्ये, काढला होता, टाइम लॉक. दरवाजाच्या आतल्या बाजूला चावीची घड्याळं, संध्याकाळी बंद करताना किती तासांनी उघडायचं ते लावायचं, तेवढे तास भरेपर्यंत बरोबर नंबर फिरवला तरी बोल्ट सरकत नाही. घड्याळं एक नसून दोन, तीन, कधी चार असायची, कारण एकच असतं आणि बंद पडलं तर सकाळी बँकच बाहेर. कॅशियरला याचा खरा फायदा म्हणजे त्याला आता उघडताच येत नव्हतं, त्यामुळे त्याला मारून उपयोग नव्हता. हॉटेलातल्या त्या दरवाजाच्या आतल्या बाजूला काचेमागे छोट्या तबकड्या होत्या का आठवा, तेच ते.

याच १८७६ मध्ये, ७ सप्टेंबरला, मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत कुप्रसिद्ध दरोडेखोर जेसी जेम्सची टोळी शिरली. काउंटरमागे होता जोसेफ ली हेवूड, मुळात हिशेबनीस, त्या दिवशी कॅशियर सुट्टीवर म्हणून त्याच्या जागेवर. तिजोरी उघड म्हटल्यावर त्यानं सांगितलं, टाइम लॉक लागलाय, उघडणार नाही. प्रत्यक्षात तिजोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं, हँडल ओढलं असतं तर उघडलं असतं, एकानंही ओढून बघितलं नाही. बाहेर गावकऱ्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बंदुका आणून गोळीबार सुरू केला, सात-आठ मिनिटांत सगळा खेळ आटोपला, टोळीतले दोन जागीच मेले, टोळीच्या हाती लागले जेमतेम २६ डॉलर. हेवूडला मात्र त्यांनी जाता जाता गोळी घातली. ती बँकेची जागा आता म्युझियम आहे.

गोल दरवाजाचं कारण वेगळं. चोर नायट्रोग्लिसरीन वापरायला लागले होते, ते पातळ असतं, दाराच्या फटीत ओतायचं आणि उडवायचं. म्हणून फटच राहू द्यायची नाही. गोल दार लेथवर घासून चौकटीत इतकं घट्ट बसवता येतं की कागदही जाऊ नये, चौकोनी दाराचे कोपरे तसे बसवणं कठीण. दाराची जाडी त्या मानानं शेवटी आली, आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर ती थोडी शोभेसाठीच होती. मोठ्या बँका दिवसभर व्हॉल्टचं (तिजोरीच्या खोलीचं) दार सताड उघडं ठेवायच्या, जाळीच्या दारामागून गिऱ्हाईकाला ते चकचकीत बोल्ट दिसावेत म्हणून.

आत अडकण्याची भीती खरीच होती, म्हणून बऱ्याच व्हॉल्टना भिंतीत किंवा दाराजवळ एक बंद भोक ठेवलेलं असतं, आतल्या माणसानं झाकण काढलं की हवा येते. आत फोन ठेवायचीही पद्धत होती. पण टाइम लॉक लागला असेल तर हवा खात सकाळपर्यंत बसायचं.

भक्कमपणाची पराकाष्ठा बघायची तर हिरोशिमा. तिथल्या तेइकोकु बँकेच्या शाखेत ओहायोच्या मॉस्लर कंपनीचे व्हॉल्ट होते, अणुबॉम्ब जिथे फुटला तिथून चारशे मीटरच्या आत. इमारतीची वाताहत झाली, व्हॉल्टमधलं शाबूत राहिलं, आणि १९५० मध्ये बँकेच्या मॅनेजरनं तसं पत्र कंपनीला पाठवलं. कंपनीनं त्याची जाहिरात केली. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्याच देशातली कंपनी, काय बोलणार. त्या इमारतीत १९६७ मध्ये बेकरी सुरू झाली.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी लुई सलिव्हनच्या छोट्या बँका बघायला सांगितल्यात. गगनचुंबी इमारतींचा बाप म्हणवला जाणारा माणूस खेड्यातल्या बँका का बांधत बसला?

उत्तर : कारण त्याला दुसरी कामं मिळत नव्हती. पार्टनर डँकमार अ‍ॅडलरशी १८९५ मध्ये फाटलं, शिकागोत मोठी कामं आटली, आणि १८९३ नंतर सगळ्यांना रोमन खांब हवे असताना हा खांबांना शिव्या घालत फिरत होता. बँक म्हणजे रोमन देऊळ असेल तर बँकरनं टोगा (रोमन लोकांचा झगा) घालून बसावं आणि लॅटिन बोलावं, अशा अर्थाची टिंगल त्यानं लिहूनच ठेवलीये.

मिनेसोटातल्या ओवाटोना गावचा कार्ल बेनेट हा बँकर नेमका असाच माणूस शोधत होता, ज्याला शेतकऱ्यांच्या बँकेला ग्रीक देऊळ शोभत नाही असं वाटायचं. १९०८ मध्ये नॅशनल फार्मर्स बँक उभी राहिली. बाहेरून लालसर दगडाच्या पायावर विटांचा एक चौकोनी ठोकळा, दोन बाजूंना दोन प्रचंड कमानी, आणि आत गेलं की हिरवा, सोनेरी, गेरूसारखा रंग भिंतीभर आणि कमानींच्या रंगीत काचांमधून खाली येणारा हिरवट उजेड. वर टांगलेले ओतीव लोखंडाचे दिवे एकेक दोन टनांच्या वर वजनाचे, नक्षी त्याचा सहकारी जॉर्ज एल्म्सलीनं काढलेली. खांब एकही नाही. पण लक्षात घे, भक्कमपणा तोच आहे, ठोकळा बघून कुणाला वाटणार नाही की हे हलेल. सलिव्हननं देऊळ टाकलं आणि तिजोरीच बाहेर काढून रस्त्यावर ठेवली, म्हणून तर या बँकांना "ज्युवेल बॉक्स", म्हणजे दागिन्यांची पेटी, म्हणतात. अशा आठ बँका त्यानं १९१९ पर्यंत केल्या. आयोवातल्या ग्रिनेलची (१९१४) नक्की बघ, साध्या विटांच्या भिंतीत दारावर एकच गोल खिडकी आणि तिच्याभोवती टेराकोटाचा असा काही स्फोट की बाकी काही दिसतच नाही.

सलिव्हन १९२४ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. बेनेटची बँकही १९२६ मध्ये बुडाली, शेतीमालाचे भाव पडले होते. इमारत आज राष्ट्रीय वारसा आहे, १९८१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं.

प्रश्न : बँक नेहमी कोपऱ्यावरच का? आणि घड्याळ का?

उत्तर : कोपऱ्याला दोन रस्त्यांची गर्दी आणि दोन बाजूंनी उजेड. वरच्या मजल्यांवर वकील, डेंटिस्ट, विमा एजंट भाडेकरू, तळघरात बऱ्याचदा न्हावी, बँकेला भाडं चालू. घड्याळ म्हणजे फुकटची जाहिरात, वेळ बघायला दिवसातून चार वेळा मान वर केली की चार वेळा नाव वाचलं. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग सेव्हिंग्ज बँकेनं १९२९ मध्ये पाचशे फुटांच्या वर टॉवर बांधून चारही बाजूंना घड्याळं लावली, तिथे आता फ्लॅट आहेत.

प्रश्न : इतक्या देखण्या इमारती बँकांनी सोडल्या का? आणि तिथे नेहमी हॉटेल, रेस्टॉरंट, लग्नाचा हॉलच का होतो, ऑफिस का नाही?

उत्तर : सोडण्याची सुरुवात विम्यानं झाली असं वर म्हटलंच. दुसरं म्हणजे चव बदलली. फिलाडेल्फियाच्या पीएसएफएस (फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी) बँकेनं १९३२ मध्ये ३६ मजली आधुनिक टॉवर बांधला, एकही खांब मिरवायला नाही, रस्त्यालगतची जागा दुकानांना भाड्यानं आणि बँक वरच्या मजल्यावर, सरकत्या जिन्यानं जायचं, आणि गच्चीवर २७ फुटी लाल निऑन अक्षरं. मग १९५४ मध्ये न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्टची काचेची बँक आली, तिनं तर कमाल केली, तीस टनांचा व्हॉल्टचा दरवाजा फुटपाथवरून दिसेल असा काचेच्या अगदी मागे ठेवला. लपवायची गोष्ट शोकेसमध्ये! त्यानंतर गावोगावच्या बँकांना आपले खांब म्हातारे वाटायला लागले, कुणी ते अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यानं झाकले, कुणी शेजारची इमारत पाडून गाडीत बसल्या बसल्या पैसे काढायची खिडकी आणि पार्किंग केलं. पत्र्यामागे बऱ्याच ठिकाणी मूळ दर्शनी भाग तसाच निघाला हे नशीब. त्यात शाखांवरची बंधनं एकेक करत उठली, १९९४ च्या कायद्यानं राज्याबाहेरही शाखा काढायला मोकळीक दिली, बँका बँकांना गिळत गेल्या, ३० हजारांच्या आज साडेचार हजारांच्या आसपास उरल्यात. एका गावात तीन देवळं आणि बँक एकच, मग दोन रिकामी.

ऑफिस का नाही याचं उत्तर त्या मधल्या हॉलमध्ये आहे. चाळीस-पन्नास फूट उंच, मध्ये मजला नाही, गरम ठेवायला महाग, आणि वीस टेबलं मांडली तर कुणी काय बोललं ते सगळ्या हॉलला ऐकू जाणार. आता तिथे मधे स्लॅब टाकून दोन मजले करावेत हा सरळ विचार, पण अमेरिकेत वारसा इमारत नीट दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा मिळते आणि तिची अट अशी की इमारतीचं मूळ रूप बिघडवायचं नाही. हॉल तोडला की सवलत गेली. म्हणून ज्याला मोठा, उंच, रिकामा हॉलच हवा असतो असाच धंदा तिथे येतो. फिलाडेल्फियाचा पीएसएफएस टॉवर २००० पासून हॉटेल आहे (ती बँक १९९२ मध्ये बुडाली, लाल अक्षरं अजून पेटतात).

माझी सगळ्यात आवडती क्लीव्हलंड ट्रस्टची. १९०८ ची, जॉर्ज पोस्टनं केलेली, हाच न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या इमारतीचा आर्किटेक्ट, आत रंगीत काचेचा भलामोठा घुमट आणि भिंतींवर फ्रान्सिस मिलेटची चित्रं, जो पुढे टायटॅनिकबरोबर बुडाला. १९९६ पासून बंद पडलेली, आणि २०१५ मध्ये तिथे किराणा-भाजीचं सुपरमार्केट उघडलं. लोकांनी नाकं मुरडली, पण मला विचाराल तर बँकेच्या हॉलचा याहून चांगला वापर नाही, कारण तिथे पुन्हा रोज कुणीही आत येऊ शकतं. लग्नाच्या हॉलमध्ये आमंत्रणाशिवाय कोण जाणार?

प्रश्न : मी सध्या इंडियानात नोकरी करतो. ऑफिससमोर अशीच एक रिकामी बँक आहे, वर १८८९ कोरलंय, बाकी कुणाला काही माहीत नाही. तिचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी त्या १८८९ वर विश्वास ठेवू नका. बँका स्थापनेचं वर्ष कोरायच्या, इमारतीचं नाही, जुनेपणा हीसुद्धा पत होती ना. इमारत त्यानंतर वीस-तीस वर्षांनी बांधलेली असू शकते. कोनशिला बघा, ती खाली कोपऱ्यात असते. मग दारावरचा दगड तिरप्या उन्हात बघा, पितळी अक्षरं काढून टाकली तरी ती बसवायची भोकं राहतात, त्यावरून आधीच्या बँकेचं नाव लावता येतं. एकाच इमारतीत तीन-चार बँका होऊन गेलेल्या असणं अगदी कॉमन आहे.

नंतर सॅनबॉर्नचे नकाशे. ही कंपनी १८६७ पासून आग-विम्यासाठी गावागावाचे नकाशे काढायची, प्रत्येक इमारत स्वतंत्र दाखवलेली, वीट गुलाबी, लाकूड पिवळं, दगड निळा, आणि आत काय आहे ते लिहिलेलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते ऑनलाइन ठेवलेत. एकाच गावाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी उघडा, ज्या नकाशात तुमच्या कोपऱ्यावरचं पिवळं जाऊन निळं किंवा गुलाबी आलं त्याच्या आणि आधीच्या नकाशाच्या मधे ती बांधली गेली. एवढी वर्षं कळली की गावच्या लायब्ररीत त्या काळातला पेपर चाळायचा, नव्या बँकेचं उद्घाटन म्हणजे पहिल्या पानाची बातमी असायची, आर्किटेक्ट, खर्च, दगड कुठून आला, व्हॉल्टचं वजन, सगळं असतं (वजन थोडं वाढवून सांगितलेलं).

नाव नॅशनल बँकेचं निघालं तर चार्टर नंबर शोधा. १९३५ पर्यंत असे १४ हजारांहून जास्त चार्टर दिले गेले आणि जुन्या नोटा जमवणाऱ्यांनी त्यातली एकेक बँक खणून काढलीये, सुरू कधी, बंद कधी, कोणात विलीन, प्रेसिडेंट कोण. आणि इमारत नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे वारसा इमारतींच्या राष्ट्रीय यादीत, असेल तर तुमचं काम निम्म्यावर येतं, त्या नोंदीच्या अर्जात दहा-वीस पानांचा इतिहास आधीच लिहिलेला असतो. आत जायला मिळालं तर तळघर चुकवू नका. व्हॉल्टचा दरवाजा काढायचा तर भिंत फोडावी लागते, म्हणून तो बहुतेक ठिकाणी तसाच सोडलेला असतो, आणि त्यावर बनवणाऱ्या कंपनीची पाटी सापडते. तिचा फोटो काढून आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.